हात फिरवायचा नाही

आमच्या डोक्यावर एक भोंगा राहतो. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. सकाळी दूधवाल्याच्या आधी तो वाजतो. "आईऽऽ! चहाऽऽ! चहा झालाय, चहा!" माझ्या कपाटातली रिळं थरथरतात. मी अंथरुणातच उभा राहून कापड मोजायचा लोखंडी गज उचलतो आणि छताला ठोकतो. मग वरून म्हाताऱ्या आजींचं उत्तर येतं, "ओरडतेस काय? मी काय बहिरी आहे?"

आजी ठार बहिऱ्या आहेत. त्या सोडून सगळ्या इमारतीला हे माहीत आहे. कानाचं मशीन त्यांनी एकदा लावून बघितलं, "यात कुणीतरी खरखरतंय" म्हणून काढून ठेवलं आणि पुन्हा त्याला शिवल्या नाहीत. तेव्हापासून त्यांची सून त्यांच्याशी जे जे बोलते ते ते आम्ही सगळे ऐकतो. आजींचं पोट साफ झालं की नाही, हे सगळ्या जिन्याला कळतं. आजींचा मुलगा, म्हणजे भोंग्याचा नवरा, फार कमी बोलतो. त्याला बोलायला जागाच उरली नसावी.

ही सून दवाखान्यात नर्स आहे एवढं मला ठाऊक होतं. हिच्या वॉर्डातले पेशंट घरी पळायच्या घाईनं बरे होत असतील, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. मी बायकांचे कपडे शिवतो. घराची पुढची खोली दुकान, मागे आम्ही. दुकानात गप्पांना तोटा नसतो, आणि भोंग्याचा विषय कधी शिळा झाला नाही. तोंडावर अर्थात मी तिला वहिनी म्हणतो, ती मला मास्तर म्हणते.

माझी एकुलती एक लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. जावई बोटीवर नोकरीला, आणि बोट काही रिक्षा नव्हे की हात दाखवला आणि थांबली. लेकीची आई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे आईपण माझ्याचकडे. दुपारी लेक आडवी झाली की वरून आरोळी यायची, "आईऽ, औषध घेतलंत काऽऽ?" लेक पोटावर हात ठेवून हसायची. "बाबा, गंमत बघा. सकाळपासून लाथा मारतंय, पण काकूंचा आवाज आला की गप्प. कान देऊन ऐकतंय बहुतेक."

"मुकाट्यानं सहन करतंय," मी म्हणायचो.

दिवस भरायला खूप अवकाश होता, आणि एका दुपारी लेकीला घाईघाईनं दवाखान्यात न्यावं लागलं. रक्तदाब चढला होता. पोट उघडून मुलगी बाहेर काढली. "बाळ काचेत ठेवलंय," असं मला सांगण्यात आलं. लेक तापानं फणफणलेली, तिला वरच्या वॉर्डात हलवलं. मी दोन मजल्यांमधल्या जिन्यात उभा होतो आणि मला वर जावं की खाली ते कळत नव्हतं.

लहान बाळांच्या त्या वॉर्डात जायचं म्हणजे चपला बाहेर, अंगठी आणि घड्याळ बाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे, वरून त्यांचा गाऊन. गाऊनची बाही उसवलेली होती. एरवी मी तिथेच कुणाला तरी चार शब्द ऐकवले असते. आत भर दिवसा अंधुक उजेड, पडदे ओढलेले, काचेच्या पेट्यांवर चादरी टाकलेल्या. सगळं घर जेवून झोपलंय असं वाटावं इतकं शांत. मी दोन पावलं टाकली आणि खांद्याशी कुणीतरी कुजबुजलं, "मास्तर, हळू."

मी वळलो. भोंगा.

"वहिनी? तुम्ही?" मी विचारलं. माझ्या मते हळूच विचारलं.

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "एवढ्या मोठ्यानं नको. आवाज लागतो त्यांना."

आवाज लागतो! दगड लागतो, ठेच लागते, तसा आवाजही लागतो, हे मला कुणी सांगावं? पण हसायचं विसरून मी तिच्याकडे बघतच राहिलो. त्या वॉर्डात तिला सगळे हळूबाई म्हणत. कचऱ्याच्या डब्याचं झाकण पडताना ती खाली तळहात धरायची. कपाटाचं दार बंद करायची ते झोपलेल्या माणसाच्या उशाखालून किल्ली काढावी इतक्या बेतानं. पेटीवर कुणी साधं पेन ठेवलेलं तिला खपत नसे. तिथले तरुण डॉक्टर आणि ती आधी ठरवायचे, मग तपासणी, लंगोट, औषध सगळं एका दमात उरकायचे, म्हणजे बाळाला पुन्हा पुन्हा उठवायला नको. "झोपेतच वाढतात ही," डॉक्टर मला म्हणाले, तेही कुजबुजून.

तिनं चादरीचं टोक उचललं. माझी नात मऊ कापडाच्या वळकट्यांच्या घरट्यात कुशीवर पडली होती. नाकात नळी, पायाला वायर. मूठ माझ्या कोटाच्या गुंडीएवढी. आयुष्यात एवढ्या मापाचं मी काही शिवलं नव्हतं. मी तिचं नाव तिथेच गुंडी ठेवून टाकलं, आणि मग मला रडू आलं. हळूबाईनं मला बाहेर नेऊन बाकावर बसवलं. रडायलाही आत परवानगी नव्हती.

गुंडी लढत होती. गाडं अडलं ते लेकीपाशी.

तिला माझ्या आधी चाकाच्या खुर्चीतून आणून बाळ दाखवलं होतं. तेव्हा हळूबाई कामावर नव्हती. लेकीनं जगातली कुठलीही आई करेल तेच केलं, गुंडीच्या पाठीवरून हात फिरवला. मशीन ओरडलं, पोर निळी पडली, दोघी-तिघी धावल्या. गुंडी लगेच सावरली, पण लेक सावरली नाही. मी वर गेलो तेव्हा तिचे दोन्ही हात पांघरुणाखाली होते.

"माझ्या हातानं मरत होती ती, बाबा. मी नाही जाणार तिच्याजवळ."

मी समजावलं, रागावलो, तिच्या आईची आठवण काढली. काही उपयोग झाला नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, माझ्या लेकीनं ताकाकडे बघायचंच सोडलं. ताप उतरला तरी ती खाली येईना. दूध आटत चाललं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मशीन त्याचं काम करतंय, पण बाळाला आता आईच्या छातीशी यायला हवं. तिची ऊब, तिचं दूध, त्याला दुसरी तोड नाही.

मी हळूबाईला गाठलं. "वहिनी, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल."

"सांगून हात पुढे येत नाही, मास्तर. आधी तुम्ही शिका."

"मी काय शिकू?"

"हात लावायला."

मला जरा रागच आला. हाताची कला मला कुणी शिकवावी? शिंपी कापड समोर आलं की आधी त्यावरून तळहात फिरवतो. सुरकुती कुठे आहे, सूत कुठे पळतंय, सगळं हाताला कळतं, कात्री नंतर. माणसांशीही मला तेवढंच येतं. लेक लहानपणी पडली, नापास झाली, लग्न होऊन निघाली, प्रत्येक वेळी मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि एका बोटानं गुंडीच्या दंडावरून अगदी मलमलीवरून फिरवावं तसं फिरवलं.

"थांबा," हळूबाई म्हणाली. "ती काय म्हणतेय बघा."

"काही म्हणत नाहीये."

"बोटं फाकवलीत ना? तळवा पुढे केलाय. रस्त्यात आपण गाडीला करतो तसा. 'पुरे' म्हणतेय. जांभई दिली, उचकी लागली, तोंड फिरवलं, सगळ्याचा अर्थ एकच. पुरे."

मी हात काढून घेतला. एवढ्याशा जिवानं मला थांबवलं होतं. "म्हणजे हात लावायचाच नाही?"

"लावायचा. पण फिरवायचा नाही. ठेवायचा." ती वाकली. "गुंडे, मी आले हं. आता हात ठेवते." असं आधी सांगितलं, मग एक तळहात डोक्याभोवती आणि दुसऱ्यानं पावलं गोळा करून पोटाशी. आणि गप्प. हात हलेना, बोट हलेना. फाकलेली बोटं हळूहळू मिटली आणि मूठ हनुवटीखाली गेली. "आतमध्ये तिला चारी बाजूंनी आधार होता," ती म्हणाली. "बाहेर आली आणि सगळं मोकळं. फिरणारा हात म्हणजे तिला दहा हात. ठेवलेला हात एकच. तसंही मास्तर, डोक्यावरून हात फिरवून लोक फसवतात. डोक्यावर हात ठेवून सांगितलं की शपथ होते."

घरी येऊन मी सराव केला. घडी घातलेल्या कापडावर हात ठेवला की तो आपोआप सरकायला लागायचा. गुडघ्यावर ठेवला तर गुडघा चोळायला लागायचा. एक गिऱ्हाईक विचारत होतं, "मास्तर, गुडघा दुखतोय का?" हात ठेवून गप्प बसण्याइतकं कठीण काम मी आजवर केलं नव्हतं. काहीतरी करत असलं म्हणजे आपण उपयोगी आहोत, असं वाटतं. नुसता हात ठेवला की तोही आधार गेला. दवाखान्यात रोज मी तसाच बसायचो, आणि एके दिवशी गुंडी माझ्या हाताखाली झोपी गेली. मी हात काढायला धजलो नाही. हळूबाईनं येऊन माझा हात सोडवला, तोही गुंडीला सांगून. "आजोबा आता जातात हं."

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर चहा पिताना मी न राहवून विचारलं, "वहिनी, इथं तुम्ही अशा, आणि घरी…"

तिनं बाही वर करून मनगटाजवळचा जुना डाग दाखवला. "लग्न होऊन आले तेव्हा एकदा मागून जाऊन आईंच्या खांद्याला हात लावला. एवढ्या दचकल्या की हातातला गरम चहा माझ्या अंगावर. तेव्हा कळलं, न सांगता हात लावू नये. आईंना नीट ऐकू येत नाही म्हणून त्या दचकतात, ही पोरं नको तेवढं ऐकतात म्हणून दचकतात. दोघांनाही आधी सांगायचं. त्यांना ओरडून, यांना कुजबुजून."

"तरी पण एवढं ओरडून?"

ती हसली. "दिवसभर इथं श्वास धरून बोलते, मास्तर. घरी जाऊन ओरडले की छाती मोकळी होते. सासू बहिरी आहे हे माझं भाग्यच म्हणा. आणि तुम्ही तो गज ठोकता ना, तो आईंना बरोबर कळतो. पायाखाली जमीन हलते. 'मास्तर उठले' म्हणतात, आणि मगच चहाला हात लावतात."

इतकी वर्षं मी निषेध करत होतो, आणि वर त्याचं घड्याळ झालं होतं.

त्या आठवड्यात मी दुकानाचं बाकी काम बाजूला सारलं. पेट्यांवरच्या चादरी सारख्या घसरायच्या, उजेड आत यायचा. मी जाड सुती कापडाला अस्तर लावून गुंडीच्या पेटीला नीट बसेल असा गलेफ शिवला, खिडक्यांवर झडपा ठेवल्या. दवाखान्यात तो धुऊन, उकळून घेतला आणि चढवला. हळूबाईनं कडेनं बोट फिरवून शिलाई बघितली. "शेजारच्या पेटीला?" एवढंच म्हणाली. कधी मिळेल असं न विचारणारं हे माझं पहिलं गिऱ्हाईक.

उरलेल्या कापडाकडे बघून तिला काहीतरी सुचलं. "मऊ मलमल असेल तर दोन चौकोनी तुकडे करून द्या. एक लेकीला द्या, दुसरा गुंडीजवळ राहील. दिवसभर अंगाशी ठेवू दे. हात लावायला नको, जवळ यायला नको. फक्त कापड."

लेकीनं कुरकुरत तो तुकडा छातीशी ठेवला. दुसऱ्या दिवशी हळूबाईनं तो गुंडीच्या घरट्यात, नाकापासून थोड्या अंतरावर ठेवला. आम्ही दोघं बघत राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग गुंडीच्या नाकपुड्या हलल्या आणि ते एवढंसं डोकं, नळीसकट, कापडाच्या बाजूला वळलं.

मी जिना कसा चढलो मला ठाऊक नाही. "तोंड फिरवलं तिनं!" मी लेकीला सांगितलं.

लेकीचा चेहरा उतरला. मीच तिला येता-जाता सांगत होतो ना, की तोंड फिरवलं म्हणजे पुरे. "म्हणजे माझा वासही नको तिला?"

"अगं बयो, कापडाकडे फिरवलं! तुझ्याकडे!"

गुंडीजवळ राहिलेला दुसरा तुकडा मी तिच्या हातात दिला. तिनं तो नाकाला लावला आणि खूप वेळ काढलाच नाही. संध्याकाळी वॉर्डातली बाई मला सांगत आली की दूध आलंय. दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, काकू कामावर आहेत ना आज? मग जाऊया."

हळूबाईनं तिला खालच्या वॉर्डात रेलून बसायच्या खुर्चीत बसवलं, गाऊन पुढून मोकळा केला. "गुंडे, आता आईकडे जायचं हं," म्हणत घरट्यातून उचलून पोर लेकीच्या उघड्या छातीवर ठेवली, वरून पांघरूण घातलं. लेकीचे हात हवेत होते. हळूबाईनं आपल्या हातांनी ते खाली आणले. एक डोक्यावर, एक पाठीवर.

आणि मशीन वाजलं.

लेकीचे हात उडाले. उडणारच होते. पण त्यांच्यावर हळूबाईचे हात होते. "काढू नकोस," ती कुजबुजली. तिचं लक्ष मशीनकडे नव्हतं, गुंडीच्या ओठांकडे होतं. "जागा बदलली म्हणून घाबरलीय. आत्ता हात काढलास तर तिला वाटेल आपण पडलो. ठेव. नुसता ठेव." मी भिंतीशी उभा. गुंडीची बोटं फाकली. तशीच राहिली. मग एकेक करून मिटायला लागली, आणि मिटताना त्यांच्यात गाऊनची कड सापडली. मशीनचा आकडा चढायला लागला, आवाज थांबला. हळूबाईनं आपले हात कधी काढून घेतले ते लेकीला कळलंही नाही. लेक रडत होती, पण त्या वॉर्डात शोभेल असं, अजिबात आवाज न करता.

त्यानंतर रोज ती तशी बसायची. गुंडीनं बाळसं धरलं, नळी निघाली, पेटी सुटली, आणि एका सकाळी आम्ही तिला घरी आणलं.

घरी आणलं आणि घर सुन्न. वर चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. भोंगा बंद! हळूबाई सुट्टीवर होती, आणि तिनं ठरवलं होतं की खाली लहान बाळ आहे, आता ओरडायचं नाही. आजींना पाटीवर लिहून दाखवत होती म्हणे. मलाच चुकल्यासारखं होत होतं. दुपारी गुंडी जी रडायला लागली ती थांबेना. दूध झालं, लंगोट झाला, तरी रडतेय. लाल झाली, मग जांभळी. लेकीनं तिला गादीवर ठेवलं आणि दोन्ही हात मागे घेतले, पाठीशी धरले.

"बाबा, इथं मशीन नाहीये. मला कळणार कसं? माझ्या हातानं पुन्हा काहीतरी होईल. काकूंना बोलवा, बाबा!"

जिना चढून जाण्यात वेळ गेला असता. मी गज उचलला आणि छताला ठोकला, ठोकतच राहिलो. वर खिडकी आपटली.

"काय झालं, मास्तर?" आवाज अजून दबलेला, वॉर्डातला.

मी खिडकीत जाऊन माझ्या सबंध आयुष्यात ओरडलो नव्हतो तेवढ्यानं ओरडलो, "गुंडी रडतेय! आणि ही हात मागे घेऊन उभी आहे!"

मग भोंगा वाजला. "हात ठेव गं पोरीऽऽ! फिरवू नकोस! ठेऽऽव!"

कपाटातली रिळं थरथरली. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. आणि गुंडी गप्प झाली. रडता रडता मध्येच थांबली, तोंड उघडं, डोळे छताकडे, कान देऊन ऐकल्यासारखी. त्या शांततेत लेकीचा हात पुढे आला. "मी आलेय हं," ती म्हणाली, आणि तिनं एक तळहात गुंडीच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्यानं पावलं पोटाशी घेतली. गुंडीनं एक मोठा हुंदका दिला आणि तिची मूठ हनुवटीखाली गेली.

वरून आजींचा आवाज आला, "ओरडतेस काय? मी काय बहिरी आहे?"

लेकीला हसू फुटलं. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, हात मात्र होते तिथेच होते.